भिलाईच्या बंद गल्ल्या आणि आपला वाहतूक भत्ता



नागपूरहून पूर्वेकडे गाडी घेऊन जाणाऱ्या बांधवांना भिलाईची ओळख करून देण्याची गरज नाही. दुर्ग सोडले की भिलाई नगर, भिलाई पॉवर हाऊस आणि भिलाई अशी एकाच गावाची तीन स्टेशने एकापाठोपाठ येतात. उजव्या हाताला पोलाद कारखाना आणि त्याची टाउनशिप. डाव्या हाताला सुपेला, कॅम्प, छावणी, जामुलची बाजू आणि औद्योगिक वसाहत. मधून आपली मुंबई-हावडा मुख्य लाइन. ज्या रुळांवर आपण आयुष्यभर गाड्या चालवल्या, ते बहुतांशी इथल्याच रेल मिलमधून निघालेले. याच गावाचे दोन तुकडे करणारी लाइनही आपलीच, हे दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपणच सांगितलेले बरे.

युनियनच्या अंकात महागाई भत्ता, पेन्शन, ठेकेदारी हे विषय सोडून गल्ल्या आणि रस्ते कशाला, असे काही साथी म्हणतील. मीही पूर्वी असेच म्हणालो असतो. पण चरोद्याच्या यार्डात गार्ड म्हणून (आता याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पगारात फरक शून्य) वर्षे काढल्यावर आणि निवृत्तीनंतर याच भागात घर केल्यावर माझे मत बदलले. ड्यूटी आठ तासांची की दहा, यावर आपण भांडतो. घर ते ड्यूटी आणि ड्यूटी ते घर यात जे तास जातात, त्यांचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. आणि ते तास केवळ अंतरावर ठरत नाहीत. रस्ता रस्त्याला मिळतो की मध्येच संपतो, यावर ते ठरतात.

भिलाई हे या गोष्टीचे उत्तम उदाहरण आहे, कारण इथे दोन्ही तऱ्हा एकाच गावात, एका नजरेच्या टप्प्यात पाहायला मिळतात.

सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केले ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. भाताच्या शेतांवर आणि लहान खेड्यांवर हे सारे उभे राहिले. कारखान्याबरोबरच सेक्टर १ ते १० अशी टाउनशिप आखली गेली. आखली हा शब्द मी मुद्दाम वापरतो. तिथे आधी रस्ता पडला, मग गटार, मग घर. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू, फॉरेस्ट अ‍ॅव्हेन्यू असे रुंद रस्ते, त्यांना लागून सेक्टर, सेक्टरात नंबर घातलेल्या स्ट्रीट. बहुतेक स्ट्रीट दोन्ही तोंडांनी कुठल्या ना कुठल्या रस्त्याला मिळते. शाळा, बाजार, दवाखाना सायकलच्या टप्प्यात. पाळी सुटली की हजारो सायकली निघत आणि अर्ध्या तासात रस्ते मोकळे होत, कारण प्रत्येकाला घरी जायला एकाहून अधिक वाटा होत्या.

टपाल खात्यातील बांधवांना याची किंमत जास्त कळेल. टाउनशिपचा पत्ता म्हणजे क्वार्टर नंबर, स्ट्रीट नंबर, सेक्टर. संपला पत्ता. नवा पोस्टमन पहिल्या दिवशी बीटवर गेला तरी चुकत नसे, आणि एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडत असे. मागे वळण्याचा प्रश्नच नाही. आमच्या शेजारी एक पोस्टमन राहत. आधी सेक्टरांची बीट केली, मग बदली होऊन लाइनच्या पलीकडच्या नव्या वस्त्यांची मिळाली. ते म्हणत, “भाऊ, तिकडे मी पत्रं वाटायचो, इकडे मी गल्ल्या मोजतो.” प्रत्येक गल्लीत जायचे, शेवटच्या भिंतीपर्यंत जायचे, आणि त्याच वाटेने परत यायचे. टपाल तेवढेच, सायकल दुप्पट.

पण टाउनशिपचे गुणगान गाताना एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. ती सर्वांसाठी नव्हती. कारखाना बांधणारे मजूर ज्या तळांवर राहिले त्यांचे कॅम्प १ आणि कॅम्प २ झाले, आणि ते लाइनच्या पलीकडे राहिले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यातल्या अनेकांच्या वाट्याला क्वार्टर आले नाही. ठेकेदाराच्या मजुराला तर नाहीच नाही. जोनाथन पॅरी या मानववंशशास्त्रज्ञाने १९९३ पासून भिलाईत राहून अभ्यास केला आणि २०२० साली ‘क्लासेस ऑफ लेबर’ हा जाडजूड ग्रंथ काढला. नोकरीवाला आणि कामवाला, म्हणजे पक्का कामगार आणि रोजंदारीचा कामगार, या दोन वेगळ्या जमाती होऊन बसल्या, असा त्यांच्या अभ्यासाचा गाभा. मी पुढे जाऊन म्हणेन की या दोन जमातींचे रस्तेही वेगळे होते. पक्क्याला चौक मिळाला, कच्च्याला पायवाट.

आणि पक्के कमी होत गेले. कारखान्याची क्षमता दहा लाख टनांवरून पंचवीस लाख आणि १९८८ मध्ये चाळीस लाख टनांवर गेली; त्याच सुमारास कायम कामगारांची संख्या साठ हजारांवर होती. आज ती त्याच्या निम्म्यानेही नाही. उत्पादन वाढले, माणसे कमी झाली, उरलेले काम ठेक्यावर गेले. म्हणजे आखलेल्या सेक्टरांत राहण्याचा हक्क असणारे घटले आणि न आखलेल्या वस्तीत घर शोधणारे वाढले. २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईनगर या नागरी समूहाची लोकसंख्या १० लाख ६४ हजारांवर होती. त्यांतले बहुतेक सेक्टरांत राहत नाहीत. ते राहतात कोहका, सुपेला, वैशाली नगर, खुर्सीपार, जामुल, चरोदा, कुम्हारी आणि दुर्गच्या भोवतालच्या नव्या प्लॉटिंगमध्ये.

हे प्लॉटिंग कसे होते ते नागपूरच्या बांधवांना सांगायला नको. शेतकऱ्याचे चार-पाच एकराचे शेत. कोणीतरी ते उचलतो, मधून वीस-पंचवीस फुटांची एक वाट सोडतो, दोन्ही बाजूंना प्लॉट पाडतो. वाट मुख्य रस्त्यावरून निघते आणि शेताच्या धुऱ्यावर संपते, कारण पलीकडचे शेत दुसऱ्याचे. दोन वर्षांनी तेही विकले जाते. तिथला माणूस आपली वाट आपल्या सोयीने काढतो. ती पहिल्या वाटेला मिळावी अशी सक्ती त्याच्यावर कोणी करत नाही. उलट, मिळाली तर पहिल्या लेआउटवाले भिंत घालतात, कारण “आमच्या रस्त्यावरून परक्यांची रहदारी नको”. शेताचे धुरे जसे होते तसेच शहराच्या नकाशावर उतरतात. नागपुरात अशा लेआउटना आकड्यांनीच नावे पडली, ५७२ वाले आणि १९०० वाले. महाराष्ट्राला २००१ मध्ये त्यांच्यासाठी गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला. घरे नियमित झाली. गटार आले, दिवे आले. पण जो रस्ता मुळात सोडलाच नव्हता, तो कायद्याने कुठून येणार?

माझेच सांगतो. निवृत्तीच्या पैशातून मी लाइनच्या उत्तरेला एक प्लॉट घेतला. विकणाऱ्याने कागदावर दाखवलेला तीस फुटी रस्ता पलीकडच्या डांबरी रस्त्याला मिळत होता. प्रत्यक्षात तिथे आता सात फुटांची भिंत आहे. बाजार भिंतीपलीकडे, हाकेच्या अंतरावर. भिंत वळसा घालून जायचे तर एका बाजूने चौदाशे मीटर जास्त. जाऊन-येऊन अठ्ठावीसशे. माझा मुलगा महिन्याचे पंचवीस दिवस याच वाटेने कामावर जातो. महिन्याला सत्तर किलोमीटर, वर्षाला आठशे चाळीस. रेल्वेवाल्याला हा आकडा लगेच ओळखू येईल. नागपूर ते मुंबई साधारण एवढेच अंतर आहे. म्हणजे एका भिंतीपायी एक माणूस दरवर्षी पेट्रोल जाळून नागपूरहून मुंबईला जातो, आणि पोचतो कुठे, तर भिंतीच्या पलीकडे.

हे केवळ आमच्याकडचे दुखणे नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी अमेरिकेतील रस्त्यांचा शंभर वर्षांचा हिशेब २०१५ मध्ये मांडला. पद्धत सोपी आहे. जिथे रस्ते मिळतात तिथे किती तोंडे फुटतात ते मोजायचे. चार तोंडे म्हणजे चौक, तीन म्हणजे टी-पॉइंट, एक म्हणजे बंद गल्ली. चौक जितके जास्त, तितके शहर जोडलेले. त्यांना आढळले की अमेरिकेत बंद गल्ल्यांचा सोस विसाव्या शतकात वाढत वाढत १९९४ च्या आसपास शिगेला पोचला आणि त्यानंतर उतरू लागला. मोटारीच्या देशाला शहाणपण सुचू लागले म्हणायचे. पण २०२० मध्ये त्यांनीच साऱ्या जगाचा असाच हिशेब मांडला, तेव्हा जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते उलट दिशेने, अधिकाधिक तुटक होत चाललेले दिसले. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया, अर्जेंटिना, पेरूसारख्या देशांत मात्र चौकोनी आखणी बरीचशी टिकली. म्हणजे गरिबीमुळे रस्ते तुटतात असे नाही. कोणी आखायचे आणि कोणी भाग पाडायचे, यावर ते आहे.

त्या अभ्यासातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रस्ता एकदा पडला की तो हलत नाही. घर पाडता येते, कारखाना बंद होतो, सरकार बदलते. भिलाई उभारायला मदत करणारा सोव्हिएत संघ १९९१ साली नाहीसा झाला. पण सेक्टरांतल्या स्ट्रीट आखल्या तशाच आहेत आणि आजही रोज उपयोगी पडत आहेत. तसेच आजची बंद गल्लीही आपल्या नातवंडांपर्यंत बंदच राहणार आहे. पगारवाढ चुकली तर पुढच्या आयोगात भरून काढता येते. चुकलेली गल्ली भरून काढता येत नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. लाइन आपली आहे, आणि रेल्वेइतकी लांब भिंत भिलाईत दुसऱ्या कोणाची नाही. यार्डही आपलेच. फाटके होती तोवर माणूस थांबून का होईना, पलीकडे जात असे. गेटमनच्या कपाळी शिव्या येत, हे खरे. पण फाटक ही शहराची शिवण होती. सुपेल्याच्या फाटकाच्या जागी आता भुयारी मार्ग झाला आहे, राष्ट्रीय महामार्गावर पॉवर हाऊस, सुपेला, कुम्हारी येथे उड्डाणपूल झाले आहेत. अपघात टळले, गाड्यांचा खोळंबा कमी झाला. याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटके २०१९ च्या जानेवारीपर्यंत सर्व बंद झाली, तेव्हा आपणही समाधानच मानले. पण पूल आखणारा मोटारीचा विचार करतो. सायकलवाला आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई त्याच्या हिशेबात नसते. पुलाचा चढ चढायचा, की पावसात भुयारात साचलेल्या पाण्यातून जायचे, की चुकवून सरळ रूळ ओलांडायचे? माणूस काय करतो ते आपल्या लोको पायलट बांधवांना विचारा. रूळ ओलांडणाऱ्याला आपण अतिक्रमी म्हणतो. त्यातले किती जण केवळ रस्ता नाही म्हणून अतिक्रमी झाले, याची नोंद कुठल्या रजिस्टरात होत नाही.

आणि या लाइनवर १ जुलै १९९२ चा दिवसही लिहिलेला आहे. त्याआधी २८ सप्टेंबर १९९१ रोजी शंकर गुहा नियोगी यांचा भिलाईतच, झोपेत असताना, गोळी घालून खून झाला होता. औद्योगिक वसाहतीतले कामगार जगण्यापुरता पगार, कायम नोकरी आणि कामावरून काढलेल्यांना परत घ्या, या मागण्या घेऊन पॉवर हाऊस स्टेशनजवळ रुळांवर बसले. पोलिसांच्या गोळीबारात पंधरांहून अधिक कामगार मारले गेले. एक पोलीस अधिकारीही मरण पावला. दरवर्षी त्या दिवशी तिथे लोक जमतात. रुळांवर बसण्याबद्दल आपल्या संघटनांत तेव्हा मतभेद होते, ते मी उकरत नाही. एवढेच म्हणतो की शहराची एक बाजू दुसऱ्या बाजूला दिसावी अशी जागा त्या कामगारांना दुसरी फारशी नव्हती. सिव्हिक सेंटर टाउनशिपमध्ये होते, लाइनच्या पलीकडे. दोन भिलाई जिथे समोरासमोर येतात ती जागा म्हणजे लाइन.

पैशाकडे येऊ. घरभाडे भत्त्यासाठी दुर्ग-भिलाईनगर हा संपूर्ण नागरी समूह वाय वर्गात धरला आहे. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यावर २०२४ पासून मूळ वेतनाच्या २० टक्के मिळतात. ठीक. जनगणनेच्या व्याख्येत नागरी समूह म्हणजे सलग पसरलेली वस्ती. म्हणजे कागदावर दुर्गपासून कुम्हारीपर्यंत एकच सलग शहर. पण वाहतूक भत्त्याचा तक्ता काढा. जादा दराच्या १९ शहरांत नागपूर आहे, दुर्ग-भिलाई नाही. लेव्हल ३ ते ८ च्या कर्मचाऱ्याला नागपुरात ३६०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता. भिलाईत १८०० आणि त्यावर महागाई भत्ता. लेव्हल १ आणि २ ला नागपुरात १३५०, इथे ९००. (वेतन २४,२०० झाले की वरचा दर लागतो, तो भाग वेगळा.) गृहीत असे की लहान शहरात माणूस कमी फिरतो. हे गृहीत सलग आणि जोडलेल्या शहराला लागू आहे. लांबलचक पट्ट्यात रेल्वे, महामार्ग, कारखान्याची भिंत आणि शेकडो बंद गल्ल्या यांनी चिरलेल्या शहराला ते लागू नाही. मुंबईकर बांधव म्हणतील, तुमचे दुःख ते काय. पण मुंबईत निदान लोकल आहे.

टपाल खात्यातही हेच. बीट ठरवताना टपालाची संख्या आणि अंतर पाहतात. पण तुटलेल्या वस्तीत अंतर कोणते धरायचे? नकाशावरचे, की पोस्टमनने प्रत्यक्ष कापलेले? २०२५ मध्ये खात्याने डिजिपिन आणला. साऱ्या देशाचे चार मीटर लांब-रुंद चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा आकडा दिला. चांगली गोष्ट आहे, घर कुठे आहे ते तो अचूक सांगतो. घरापर्यंत जायचे कसे, ते पोस्टमनच्या मांड्यांनाच ठाऊक.

विरोधी बाजूही ऐकली पाहिजे. बंद गल्लीत मुले निवांत खेळतात, चोऱ्या कमी होतात, भरधाव मोटारी येत नाहीत, असे माझेच शेजारी म्हणतात. यात तथ्य आहे. पण मोटार अडवायला भिंत लागत नाही. दोन खांब रोवले तरी मोटार अडते आणि माणूस, सायकल, हातगाडी पार होते. भिंत सर्वांनाच अडवते, आणि सर्वांत जास्त त्याला, ज्याच्याकडे वाहन नाही. घरकामाला येणारी बाई आमच्या भिंतीला वळसा घालून पायी येते. तिला कोणता वाहतूक भत्ता?

मग अडते कुठे? मालक अनेक आहेत म्हणून अडते. साडाच्या जागी १९९८ मध्ये भिलाई महानगरपालिका आली. दुर्गची वेगळी. चरोद्याची वेगळी. २०१९ च्या अखेरीस रिसाली वेगळी काढली, २०२१ च्या डिसेंबरात तिची पहिली निवडणूक झाली. जामुल, कुम्हारीच्या नगरपालिका निराळ्या. टाउनशिप कारखान्याकडे, लाइन रेल्वेकडे, महामार्ग महामार्गवाल्यांकडे. प्रत्येकजण आपल्या हद्दीतला रस्ता गुळगुळीत करतो. हद्दीवरची शेवटची चाळीस फूट जोडणे हे कोणाचेच काम नाही. २०२५ मध्ये छत्तीसगडच्या विधानसभेने रायपूर, नवा रायपूर, दुर्ग, भिलाई यांच्यासाठी राजधानी क्षेत्र विकास प्राधिकरणाचा कायदा केला आहे. हे प्राधिकरण मेट्रो आणि रिंग रोडची स्वप्ने रंगवणार, की हद्दीवरच्या चाळीस फुटांचे पाहणार, ते आताच विचारायला हवे. साधन नवे नाही. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून आधी रस्ते काढायचे आणि मग उरलेले प्लॉट मालकांना परत द्यायचे, हा नगररचना योजनेचा मार्ग मुंबई प्रांताने १९१५ च्या कायद्याने घालून दिला. गुजरातने तो टिकवला, महाराष्ट्राने मधली कित्येक वर्षे बासनात बांधला, रायपुरात कमल विहारसाठी तसाच प्रयोग झाला.

आठवा वेतन आयोग २०२५ मध्ये नेमला गेला आहे. वाहतूक भत्ता शहराच्या लोकसंख्येवर न ठरवता प्रत्यक्ष जाण्या-येण्याच्या अंतरावर ठरवा, निदान दहा लाखांवरच्या नागरी समूहांना जादा दरात घ्या, ही मागणी आपल्या फेडरेशनने लेखी मांडावी. पी.एन.एम.च्या बैठकीत प्रत्येक नव्या भुयारी मार्गाला आणि पुलाला पायी व सायकलने जाण्याची वेगळी वाट मागावी. आपल्या स्वतःच्या रेल्वे कॉलन्यांच्या भिंतींत कुठे कुठे दार पाडता येईल याची यादी आपणच करावी. दुसऱ्याच्या भिंतीवर बोट ठेवण्याआधी ते बरे दिसेल.

पण मागणी मांडायला आकडे लागतात, आणि ते कोणत्याही कार्यालयात नाहीत. ते आपल्या पायांत आहेत. म्हणून भिलाई, चरोदा, दुर्ग येथील आणि नागपूर, गोंदिया, भुसावळ, कल्याण येथील बांधवांना विनंती, की एक रविवार काढा. घरापासून कामाच्या जागेपर्यंतचे सरळ अंतर आणि प्रत्यक्ष जावे लागणारे अंतर, दोन्ही मोजा. आता मोबाइलवर दोन्ही दिसतात. वाटेत भिंत, बंद फाटक किंवा संपलेला रस्ता असेल तर कोणाच्या हद्दीत आहे ते लिहा. पोस्टमन बांधवांनी आपल्या बीटमधल्या बंद गल्ल्या मोजाव्यात. हा कागद आपल्या शाखेच्या चिटणीसांकडे द्या. माझा मी दिला आहे. सरळ अंतर सहाशे मीटर, प्रत्यक्ष दोन किलोमीटर, मध्ये सात फुटांची भिंत.